मास्टर कृष्णराव : हरकतीला सुरांतून उत्तर देणारे गवई

जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात तीन तारखा ओळीने येतात. 26 जानेवारी आपल्या मुलांनाही पाठ असते. 24 जानेवारी सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. 1950 साली त्या दिवशी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे भारताचे राष्ट्रगीत असेल आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असे जाहीर केले. तिसरी तारीख 20 जानेवारी. हा मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचा जन्मदिवस. ‘वंदे मातरम्’ हे गीत समूहाला म्हणता यावे आणि बँडला वाजवता यावे म्हणून ज्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे खर्च केली, ते हे मास्टर कृष्णराव.

आपल्या मंडळातल्या आजी-आजोबांना त्यांचे नाव नाट्यसंगीतामुळे किंवा प्रभातच्या चित्रपटांमुळे माहीत असेल. सुरतेत जन्मलेल्या, गुजराती आणि इंग्रजी शाळांत शिकलेल्या आपल्या नातवंडांना मात्र ते ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. म्हणून त्यांचा जीवनपट येथे थोडक्यात मांडतो. भर त्यांच्या बँडसाठीच्या कामावर दिला आहे, कारण त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

आळंदीचा मुलगा आणि कठोरचे बुवा

कृष्णरावांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी देवाच्या आळंदीत झाला. इंद्रायणीचा काठ आणि ज्ञानोबांची समाधी यांच्या सान्निध्यात गेलेले बालपण म्हणजे भजन-कीर्तन कानांवर आपोआप पडणारच. गळा गोड होता आणि ऐकलेले लगेच उचलण्याची ताकद विलक्षण होती. त्यामुळे लहान वयातच ते नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाले. बालनटांना त्या काळी मास्टर म्हणण्याची पद्धत होती. इतरांचे हे बिरुद मिसरूड फुटली की गळून पडे. कृष्णरावांना ते शेवटपर्यंत चिकटून राहिले. याच कंपनीत रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व होते. त्यांच्याकडूनही या मुलाला सुरुवातीचे संस्कार मिळाले.

पण खरे गुरू भेटले ते गायनाचार्य भास्करबुवा बखले. इथे आपल्या मंडळींनी थोडे थांबावे, कारण भास्करबुवांचा जन्म 1869 साली बडोदे संस्थानातल्या कठोर गावी झाला. कामरेजकडे जाता-येता ज्यांनी कठोरची पाटी पाहिली आहे, त्यांना हे वाचून बरे वाटेल. बुवांनी फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन थोर उस्तादांकडून ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तीन घराण्यांची विद्या मिळवली. पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. बालगंधर्वही त्यांचेच शिष्य.

गुरूच्या घरी राहून, सेवा करून, मैफलीत मागे बसून तंबोरा धरत शिकण्याचा तो काळ. कृष्णरावांनी बुवांची गायकी अशी आत्मसात केली की त्यांच्या तानेत गुरूचा भास होई असे जुने लोक सांगत. पण त्यांचे स्वतःचे वैशिष्ट्य म्हणजे खेळकरपणा. राग मांडताना ते अवघड जागा हसत-खेळत ओलांडत. ज्याला रागाचे नावही माहीत नाही, असा श्रोताही त्यामुळे जागेवरून उठत नसे. पुढे जे काम त्यांनी अंगावर घेतले, त्याचे बीज मला या स्वभावात दिसते. गाणे आपल्यापुरते ठेवायचे नाही, ते समोरच्याच्या हाती द्यायचे.

रंगभूमी आणि प्रभातचे दिवस

भास्करबुवांनी गंधर्व नाटक मंडळीच्या ‘स्वयंवर’ (1916) आणि ‘द्रौपदी’ (1920) या नाटकांना चाली दिल्या. कृष्णराव त्यांच्या हाताखाली तयार होत होते आणि कंपनीत भूमिकाही करत होते. 1922 साली बुवा गेले. अवघ्या चोविसाव्या वर्षी कंपनीच्या संगीताची जबाबदारी शिष्याच्या खांद्यावर आली. ‘संत कान्होपात्रा’ (1931) आणि ‘अमृतसिद्धी’ यांसारख्या नाटकांची पदे त्यांनी बांधली.

त्यानंतर बोलपट आला. प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘धर्मात्मा’ (1935), ‘अमरज्योती’ (1936), ‘गोपालकृष्ण’ (1938), ‘माणूस’ (1939) आणि ‘शेजारी’ (1941) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. नाटकात एक पद अर्धा तास रंगू शकते. वन्समोअर मिळाले तर तासभरही. चित्रपटात तीन-चार मिनिटांत सारा हिशेब मिटवावा लागतो. ख्याल गाणाऱ्या माणसाला हे बंधन जाचायला हवे, पण कृष्णरावांनी ते आनंदाने स्वीकारले. ‘शेजारी’मधले समूहनृत्याचे गीत आठवा. शेतकरी बाया-बापड्यांचा सारा जमाव एका लयीत गातो आणि नाचतो. एकट्या गवयासाठी बांधणे वेगळे आणि शंभर गळ्यांसाठी बांधणे वेगळे, हा धडा त्यांनी इथे गिरवला.

1942 साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ रंगमंचावर आणले. ज्योत्स्ना भोळे यांच्या तोंडची त्यातली छोटी, सुटसुटीत पदे कृष्णरावांचीच. 1944 साली ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात ते स्वतः सावता माळी झाले. असा हा माणूस: मैफलीत गवई, नाटकात नट, स्टुडिओत संगीत दिग्दर्शक.

एका गीताचा ध्यास

बंकिमचंद्रांचे ‘वंदे मातरम्’ 1882 साली ‘आनंदमठ’ या कादंबरीतून लोकांसमोर आले. 1896 च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायले. 1905 च्या बंगालच्या फाळणीनंतर तर ती घोषणाच झाली. 1907 साली आपल्या सुरतेत तापीकाठी काँग्रेसचे जे वादळी अधिवेशन भरले आणि मोडले, त्या काळात हे दोन शब्द उच्चारणे हाच अनेक ठिकाणी गुन्हा ठरत होता. महाराष्ट्रातले पं. विष्णू दिगंबर पलुस्कर हे गीत काँग्रेसच्या अधिवेशनांत गात. 1923 साली काकीनाड्याला अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ते पूर्ण केले.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. गीताच्या पुढच्या कडव्यांत मातृभूमी देवीच्या रूपात येते. त्यामुळे अनेक मुसलमान बांधवांना ते म्हणणे अवघड वाटे. 1937 साली काँग्रेस कार्यकारिणीने विचार करून पहिली दोनच कडवी सभांत म्हणावीत असे ठरवले.

कृष्णरावांनी या गीताला झिंझोटी रागात चाल दिली आणि आपल्या मैफलींत ते गायला सुरुवात केली. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर थेट प्रक्षेपण चालू असताना त्यांनी हे गीत सुरू केले, तेव्हा प्रक्षेपण बंद करण्यात आले. कृष्णरावांनी भांडणतंटा केला नाही. नभोवाणीवर गाणेच सोडून दिले. गाण्यावर पोट असलेल्या माणसाला रेडिओ सोडणे म्हणजे काय, हे त्या काळातल्या कलावंतालाच ठाऊक. 1947 साली ते पुन्हा मायक्रोफोनसमोर आले, ते हेच गीत गाण्यासाठी.

15 ऑगस्ट 1947 च्या पहाटे भरूचचे सुपुत्र म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या पं. ओंकारनाथ ठाकूर यांनी आकाशवाणीवरून संपूर्ण ‘वंदे मातरम्’ गायले. आदल्या मध्यरात्री घटना समितीची ऐतिहासिक बैठक सुरू झाली, तीही सुचेता कृपलानी यांनी गायलेल्या याच गीताने. राष्ट्रगीत कोणते असावे, याचा निर्णय मात्र बाकी होता.

हरकत काय होती

1947 साली संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भारताचे राष्ट्रगीत वाजवण्याची वेळ आली. तेथे वाद्यवृंदावर ‘जन गण मन’ वाजले आणि परदेशी पाहुण्यांना ते आवडले. त्याआधी आझाद हिंद फौजेत कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी याच चालीवर बेतलेले गीत फौजेच्या बँडवर बसवले होते. म्हणजे ही चाल बँडच्या अंगवळणी पडलेली होती. ऑगस्ट 1948 मध्ये पंडित नेहरूंनी घटना समितीत आपले मत मांडले. त्याचा आशय असा, की राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चालीला महत्त्व असते. ‘वंदे मातरम्’ला स्वातंत्र्यलढ्यात मोठे स्थान आहे, पण त्याची चाल करुण आणि पुन्हा पुन्हा तेच वळण घेणारी आहे, आणि वाद्यवृंदावर, विशेषतः परदेशात, ती नीट उतरणार नाही.

बँकेच्या नोकरीत ऑडिटची हरकत निघाली की दोन प्रकारचे लोक दिसत. एक हरकत घेणाऱ्यावर चिडणारे. दुसरे, कागद हातात घेऊन मुद्द्यागणिक पूर्तता करून देणारे. कृष्णराव दुसऱ्या प्रकारचे. मराठीत ‘हरकत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कचेरीतली हरकत म्हणजे आक्षेप आणि गाण्यातली हरकत म्हणजे सुरांची ती छोटी नखरेल जागा, जिच्यावर श्रोते वाहवा देतात. कृष्णरावांनी सरकारच्या हरकतीला उत्तर देण्यासाठी आपल्या गाण्यातल्या हरकती बाजूला ठेवल्या. ज्याची सारी कीर्ती त्या जागांवर उभी होती, त्या गवयाने हे करणे ही लहान गोष्ट नाही.

गळ्यातले गाणे बँडमध्ये कसे जाते

या कामाची कल्पना यावी म्हणून थोडे विषयांतर करतो. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेटवर सिनेमाचे गाणे वाजते, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. तिथे एकच वादक चाल वाजवतो, बाकीचे ताल धरतात. गंभीर प्रसंगीचे समूहगीत पन्नास-साठ वाद्यांच्या बँडसाठी लिहायचे म्हणजे निराळे शास्त्र आहे आणि ते युरोपात फार जुने आहे.

जर्मनीत जन्मून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले संगीतकार हँडेल यांनी 1727 साली दुसऱ्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकासाठी ‘झेडॉक द प्रीस्ट’ हे समूहगान रचले. तेव्हापासून इंग्लंडच्या प्रत्येक राज्याभिषेकाला ते गायले जाते. 2023 साली तिसऱ्या चार्ल्स राजाच्या वेळीही ते झाले. त्याची सुरुवात फक्त वाद्यांची असते. व्हायोलिनचे सूर लाटांसारखे हळूहळू चढत जातात आणि मग एकदम सारा गायकवृंद उभा राहतो. असे समूहगान उघड्या मैदानावरच्या बँडला द्यायचे झाले, तर व्हायोलिनचे काम बहुधा क्लॅरिनेटकडे जाते. वरच्या पट्टीच्या गायकांचे सूर कॉर्नेट आणि ट्रंपेटकडे, मधले ट्राँबोन आणि युफोनियमकडे, तर खर्ज ट्यूबाकडे. व्हायोलिनवाल्याला श्वास घ्यावा लागत नाही, क्लॅरिनेटवाल्याला घ्यावा लागतो. म्हणून लांब सूर दोघांत वाटून द्यावे लागतात. शब्द नाहीसे होतात, तेव्हा शब्दांमुळे जो जोर येत होता तो वाद्यांच्या कमी-अधिक संख्येने भरून काढावा लागतो. इंग्रज फौजेबरोबर हे सारे शास्त्र हिंदुस्थानात आले.

आपल्या संगीताला त्यात बसवताना आणखी चार अडचणी येतात.

पहिली, लिपीची. आपला गवई ऐकून शिकतो, बँडवाला कागद पाहून वाजवतो. बडोद्यात मौलाबक्ष यांनी एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानी संगीतासाठी स्वरलिपी तयार केली होती आणि 1886 साली गायनशाळा सुरू केली. पुढे भातखंडे आणि पलुस्कर यांच्या लिपी आल्या. पण बँडला पाच रेघांची पाश्चात्त्य लिपीच लागते. त्यातही गंमत अशी, की बँडमधल्या नेहमीच्या क्लॅरिनेटच्या कागदावर पेटीची पांढरी एक लिहिली, तर प्रत्यक्षात काळी पाच वाजते. म्हणून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहावा लागतो.

दुसरी अडचण मींडेची. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. ट्रंपेटला तीन कळा असतात. तो सूर सोडून दुसऱ्यावर उडी मारतो. म्हणून चाल अशी हवी, की मींड काढून टाकली तरी तिचा चेहरा ओळखू यावा.

तिसरी अडचण श्वासाची आणि जोडाक्षरांची. ‘वंदे मातरम्’ची पहिली कडवी लांबलचक संस्कृत समासांनी भरलेली आहेत. हजार माणसे एकदम म्हणणार, त्यात शाळेतली मुले असणार, म्हातारे असणार. प्रत्येकाला श्वास घेण्याची जागा एकाच ठिकाणी मिळायला हवी. सूर फार वर गेला तर पुरुष गप्प बसतील, फार खाली गेला तर मुले.

चौथी अडचण सर्वांत खोल आहे. आपला राग एका रेषेत चालतो. पाश्चात्त्य बँडमध्ये एकाच वेळी तीन-चार सूर एकमेकांवर रचलेले असतात. त्यांच्याकडे गाणे संपवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे आधी प-नि-रे हे तीन सूर एकत्र वाजवायचे आणि मग सा-ग-प वर येऊन विसावायचे. यातला नि शुद्ध असावा लागतो, कारण तोच कानाला षड्जाकडे ओढून नेतो. पण झिंझोटी हा खमाज थाटातला राग, त्याचा निषाद कोमल. बँडवाल्याच्या सोयीसाठी नि शुद्ध केला तर शेवट दणक्यात होतो, पण झिंझोटी राहत नाही. कोमल ठेवला तर राग राहतो, पण बँडवाल्याला शेवट सैल वाटतो. मग म-ध-सा वरून षड्जावर येणे किंवा खाली नुसता सा-पचा भरणा ठेवणे, असे दुसरे रस्ते शोधावे लागतात. असे काम करायला एक चांगला गवई पुरत नाही आणि एक चांगला बँडमास्तरही पुरत नाही. दोघांनी शेजारी बसावे लागते.

बँडमास्तरांच्या शेजारी

कृष्णराव तसे बसले. आधी त्यांनी समूहाला म्हणता येईल अशी सोपी, सरळ चाल करून दाखवली. मग बँडचा मुद्दा पुढे आला, तेव्हा ते मुंबईत पोलीस बँडकडे आणि नौदलाच्या बँडकडे गेले. तिथले इंग्रज बँडमास्तर कामात वाकबगार होते. त्यांच्या मदतीने त्यांनी गीताचे पाश्चात्त्य लिपीतले लेखन करून घेतले आणि बँडवर ते वाजवून घेतले. भास्करबुवांचा पट्टशिष्य, ज्याने तीन घराण्यांची विद्या पचवली होती, तो पन्नाशीच्या घरात फौजी शिस्तीच्या वादकांसमोर उभा राहून आपली चाल पुन्हा पुन्हा समजावून देत होता, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

एवढे करून ते थांबले नाहीत. दिल्लीला जाऊन त्यांनी पंडित नेहरू आणि घटना समितीच्या सभासदांसमोर याचे प्रात्यक्षिक केले. हे गीत समूहाला म्हणता येते, बँडवर वाजवता येते आणि राष्ट्रगीताला लागणाऱ्या थोडक्या वेळात बसवता येते, हे त्यांनी गाऊन आणि ऐकवून दाखवले. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, पक्ष नव्हता. दिल्लीच्या वाऱ्या त्यांनी एका गीतासाठी केल्या.

24 जानेवारी 1950 रोजी निर्णय झाला. राष्ट्रगीत ‘जन गण मन’ ठरले. बँडसाठी त्याचे जे पाश्चात्त्य स्वरलेखन प्रसिद्ध आहे, ते इंग्रज संगीतकार हर्बर्ट मरील यांच्या नावाने ओळखले जाते. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागतात, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतातच. ‘वंदे मातरम्’ला समान दर्जा मिळाला. आकाशवाणीवर आपण ते ऐकतो, ते देस रागात. कृष्णरावांची झिंझोटीतली चाल राष्ट्राची अधिकृत चाल झाली नाही.

मग हे काम वाया गेले का

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या सर्वांना कधी ना कधी पडतो. एखादी गोष्ट वर्षानुवर्षे मनापासून करावी, सर्व मुद्द्यांची पूर्तता करून द्यावी आणि शेवटी निर्णय दुसऱ्या बाजूने लागावा. खातेवहीच्या भाषेत बोलायचे तर जमेच्या बाजूला काय उरले?

निर्णय फक्त संगीतावर होणार नव्हता, हे उघड आहे. नव्या देशात सर्व धर्मांच्या लोकांना मोकळ्या मनाने उभे राहता यावे, हाही विचार त्यात होता आणि तो हलका नव्हता. ‘जन गण मन’ हे सुंदर गीत आहे आणि त्याला उभे राहताना आपल्या अंगावर रोमांच येतात. त्यामुळे कृष्णरावांना न्याय मिळाला नाही, अशी ओरड करण्यात अर्थ नाही. पण वाद्यवृंदावर हे गीत उतरणार नाही, हा जो मुद्दा होता, त्याला त्यांनी संगीतातूनच उत्तर दिले होते. निदान त्या एका मुद्द्यावर त्यांचे पान कोरे राहिले नाही.

दुसरे असे, की काम करता करता माणूस बदलतो आणि ती जमा कोणी काढून घेऊ शकत नाही. सामान्य माणसाच्या गळ्यासाठी, समूहासाठी, सोपे पण पवित्र वाटेल असे कसे बांधावे, याचा जो विचार त्यांनी केला होता, तो पुढे कामी आला. 1956 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतल्या बुद्धवंदनेला चाल दिली. भाषा अनोळखी, म्हणणारे लोक लाखो, आणि बहुतेकांनी गाणे कधी शिकलेले नाही. ज्या घटना समितीसमोर कृष्णरावांनी आपले गीत मांडले होते, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

बाकीचे कामही चालूच होते. बंदिशी आणि राग यांची माहिती देणारी ‘रागसंग्रह’ ही पुस्तकमाला त्यांनी प्रसिद्ध केली. गुरूंच्या भारत गायन समाजाशी असलेले नाते शेवटपर्यंत सांभाळले. 1971 साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला आणि 1972 साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. 20 ऑक्टोबर 1974 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्या मंडळींच्या घरी पेटी आहे आणि मुले गाणे शिकत आहेत, त्यांना एक सुचवावेसे वाटते. या आठवड्यात मुलांना पेटीवर प-नि-रे एकदम दाबायला सांगा आणि मग सा-ग-प. नंतर तेच कोमल नि घेऊन करायला सांगा. दोन्हींतला फरक मुलांचे कान लगेच पकडतील. त्या एवढ्याशा फरकासाठी एक मोठा गवई बँडमास्तरांच्या शेजारी जाऊन बसला होता, हे त्यांना त्याच वेळी सांगा. मग 26 तारखेला बँड वाजेल तेव्हा मुले तो थोडा अधिक लक्ष देऊन ऐकतील.